ऑक्टाव्हियासाठी वापरलेले कॉइलओव्हर घ्यायचेत, काय काय तपासून घेऊ?

बावडा_घाट_टीएसआय (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, २०१८ची, ८४ हजार किलोमीटर झालेली. पुढचा डावा शॉकअप गळायला लागलाय, आणि उजव्याचाही आता भरवसा वाटत नाही. करूळ घाट उतरताना ब्रेक दाबला की नाक खाली जातं आणि वळणात गाडी तरंगल्यासारखी वाटते. म्हणजे शॉकअप बदलायचेच आहेत, त्यात दुमत नाही.

बेंगलोरच्या एका माणसाकडे बीसी रेसिंग कंपनीच्या बीआर मालिकेचा कॉइलओव्हर सेट (आट्यांवर उंची कमीजास्त करता येणारे शॉकअप आणि स्प्रिंग) विकायला आहे. दोन वर्षं वापरला, गाडी विकली म्हणून काढून ठेवला, असं तो सांगतो. किंमत ६० हजार. नवा सेट मला लाखाच्या वर सांगितलाय. फोटो पाठवलेत. शॉकअप चकाचक पुसलेले आहेत, स्प्रिंगला गंज नाही, निळ्या-काळ्या रिंगा छान दिसतात. पण फोटोवरून मला काहीच ठरवता येत नाही.

मला गाडी जमिनीला चिकटवायची नाही. फार तर २० मिलिमीटर खाली, तेही घाटात गाडी घट्ट वाटावी म्हणून. महिन्यातून एकदा तरी गगनबावड्यामार्गे कोकणात जातो, कधी आंबोलीवरून गोव्याला. मागे वडील बसतात आणि त्यांचं कमरेचं दुखणं आहे, त्यामुळे फार कडक झालेली गाडी घरात चालणार नाही. शॉकअपवरच्या नॉबचे क्लिक फिरवून गाडी मऊ करता येते, असं विकणारा म्हणतो. हे खरं आहे का?

बेंगलोरला जाऊन बघू की कुरिअरने मागवू? आणि ६० हजार ठीक आहेत का? ज्यांनी असा जुना सेट घेतलाय किंवा विकलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गोदाकाठ (नाशिक)

भावा, माझं स्पष्ट मत: वडील मागे बसत असतील तर हा विषयच सोड. बिलस्टाईन कंपनीचे बी६ शॉकअप घे, नवे. कंपनीच्या उंचीवर, कंपनीच्याच स्प्रिंगवर बसतात आणि घाटात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. उंची कमीजास्त करायची नसेल तर आटेवाला शॉकअप कशाला? माझ्याकडे दुसऱ्या गाडीवर आहेत, कसारा घाटात रोजचं येणं-जाणं आहे, पूर्ण समाधानी.

शॉकअपवाला_भोसरी (पुणे)

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. शॉकअप उघडणं, सील-ऑइल बदलणं, गॅस भरणं हाच धंदा. जुने कॉइलओव्हर घेतल्यावर लोक माझ्याकडे येतात, घेण्याआधी कोणी येत नाही. तुम्ही आधी विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी माप. शॉकअप चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा, तो तुमच्या गाडीला बसतो का हे पहिलं. ऑक्टाव्हियाच्या या पिढीत पुढचा शॉकअप नकलमध्ये (चाक धरणारा भाग) ज्या जागी शिरतो तिथला व्यास दोन मापांत येतो, ५० मिलिमीटर आणि ५५ मिलिमीटर. १.८ टीएसआयला मागे मल्टी-लिंक आहे (प्रत्येक चाक वेगळ्या आर्मवर), १.४ला टॉर्शन बीम (दोन्ही चाकं एकाच बीमवर). मल्टी-लिंकवाल्या गाडीला बहुतेक वेळा ५५ असतं, पण 'बहुतेक'वर पैसे देऊ नका. स्वतःच्या गाडीचं चाक काढून व्हर्नियरने मोजा, विकणाऱ्यालाही व्हर्नियर लावलेला फोटो पाठवायला सांगा. ५५चा शॉकअप ५०च्या भोकात जात नाही. ५०चा ५५मध्ये जातो पण धरत नाही, आणि ते जास्त धोक्याचं. मागच्या बाजूलाही बीमचा आणि मल्टी-लिंकचा सेट वेगळा असतो. त्याची विकलेली गाडी कोणत्या इंजिनाची होती, हे त्याला आजच विचारा.

आता मालाकडे येऊ. पुसलेल्या शॉकअपचा फोटो मला काहीच सांगत नाही. मला धूळ बघायची असते. रॉडच्या तोंडाशी तेलाचा बारीक थर असेल आणि त्यावर थोडी धूळ बसली असेल तर चालतं, सील थोडं ओलं राहतंच. पण अंगावर खालपर्यंत ओघळ आणि त्यात माती कालवलेली असेल तर सील गेलेलं आहे. पुसल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून प्रत्यक्ष गेल्यावर रबरी बूट वर सरकवून आतला रॉड बघा. बोटाचं नख रॉडवरून वरपासून खालपर्यंत फिरवा, चारही बाजूंनी. कुठेही नख अडकलं, मग तो गंजाचा ठिपका असो की ओरखडा, तर तो रॉड नवीन सीलही कापणार. सील स्वस्त असतं. पैसा खातो तो रॉड.

मग गॅस. बीआर मोनोट्यूब (एकाच नळीचा) आहे, आत नायट्रोजन दाबाखाली असतो. स्प्रिंग काढलेला शॉकअप उभा धरून रॉड दाबला की तो आपणहून, सावकाश, पूर्ण वर आला पाहिजे. खालीच बसून राहिला तर गॅस गेलाय. दाबताना मध्येच पोकळ लागलं, हात सटकन दोन-चार सेंटिमीटर खाली गेला, तर आत तेल कमी आहे. (कोणी ट्विन-ट्यूब, म्हणजे दोन नळ्यांचे, बघत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते आडवे पडून आलेले असतात आणि आतल्या नळीत हवा शिरते. उभे धरून काही वेळा पूर्ण वरखाली केल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत बनवू नका, नाहीतर चांगला माल वाईट ठरवून परत याल.)

क्लिकबद्दल. बीआरला ३० क्लिक असतात. नॉब हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा आणि उलट फिरवत मोजा. चारही शॉकअपवर आकडा जवळपास सारखा यायला हवा. एखादा १२-१५वर अडकला असेल तर कोणीतरी पक्कड लावून फिरवलाय आणि आतली सुई खराब झालीय. नुसते क्लिक मोजून थांबू नका. पूर्ण बंद आणि पूर्ण उघडं, दोन्ही ठिकाणी रॉड हाताने ओढून-दाबून बघा. फरक हाताला कळायलाच हवा. टकटक आवाज येतो पण ओढताना फरक नाही, असे शॉकअप माझ्या टेबलावर भरपूर येतात.

आणि तुमच्या वडिलांचा प्रश्न. क्लिक फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही. क्लिकने तेल किती जोरात अडवायचं ते ठरतं, म्हणजे स्प्रिंग दबण्याचा आणि उसळण्याचा वेग बदलतो. स्प्रिंग मुळात कडक असेल तर ती कडकच राहणार. उलट क्लिक पूर्ण मऊ करून ठेवलात तर कडक स्प्रिंग मोकाट सुटते आणि मागे बसलेल्या माणसाला जास्त उसळ्या लागतात. स्प्रिंगवर आकडे छापलेले असतात, ते वाचा. ६२, १८०, ००८ असं काही असेल तर आतला व्यास ६२ मिलिमीटर, लांबी १८० मिलिमीटर, कडकपणा मिलिमीटरला ८ किलो. १ किलो म्हणजे पाउंड-इंचाच्या हिशोबात ५६, तर ८ म्हणजे साधारण ४५०. ट्रॅकवर जाणारे लोक स्प्रिंग बदलून आणखी कडक टाकतात आणि विकताना मूळचं म्हणून विकतात, म्हणून चारही स्प्रिंगांवरचे आकडे फोटोत मागा. डावी-उजवी जोडी एकाच आकड्याची हवी.

उंची कशी ठेवली होती तेही विचारा. या सेटमध्ये पुढे शॉकअपचं पूर्ण अंगच खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांनी शिरतं. उंची तिथून कमीजास्त करायची आणि स्प्रिंगखालची रिंग हलवायची नाही, तरच शॉकअपची चाल पूर्ण मिळते. बरेच जण स्प्रिंगखालचीच रिंग खाली घेऊन गाडी उतरवतात. मग चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल पडते, गाडी खडखड वाजते आणि दोष शॉकअपला जातो. तुमच्या गाडीत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, तिथे स्प्रिंगखाली उंचीचा वेगळा तुकडा येतो. तो आणि त्याचे रबर सेटसोबत आहेत ना, हे नक्की बघा. हरवलेले असतात, आणि सुटे मिळवताना दमछाक होते.

रिंगा फिरतात का? फोटोत दिसणाऱ्या निळ्या-काळ्या रिंगा ॲल्युमिनियमच्या असतात आणि आटे स्टीलचे. मंगळूर, मुंबई, गोवा इथे राहिलेली गाडी असेल तर खाऱ्या हवेत दोन्ही एकमेकांना धरून बसतात. रिंगेच्या खाचांवर छिन्नी-हातोड्याच्या खुणा असतील तर समजा कोणीतरी आधी झगडलाय. हूक पाना सोबत घेऊन जा आणि प्रत्येक रिंग निदान एक वेढा फिरवून बघा.

शॉकअप वर गाडीला जिथे बसतो त्या माउंटमधली गोटी हाताने हलवा. खेळ असेल तर गाडीत टक-टक वाजणार, पण ती बदलता येते, तेवढ्यासाठी सेट सोडू नका. कोल्हापुरात तर उद्यमनगर हाताशी आहे. बुश, स्पेसर, रिंगा असली कामं तिथले लेथवाले डोळे झाकून करतील, हार्ड क्रोमचं कामही होतं. मात्र शॉकअप उघडायला तिथे देऊ नका. गॅस भरायची सोय आणि योग्य जाडीचं तेल ज्याच्याकडे आहे त्यालाच द्या.

किमतीबद्दल माझा नियम एकच आहे. जुना शॉकअप उघडता येणारा असेल तरच घ्यायचा, आणि घेताना तो उघडावा लागणार असं धरूनच भाव करायचा. चारही शॉकअपचं सील, तेल, गॅस, वर माउंट आणि बसवण्याची मजुरी असा खर्च ६० हजारांत मिळवा. बेरीज नव्याच्या पाऊणपट किमतीच्या वर गेली तर नवा घ्या. बीआर उघडता येतो. टाइन कंपनीचा फ्लेक्स झेड सीलबंद असतो, उघडत नाही, खराब झालेला नग नवा घ्यावा लागतो. म्हणून तो जुना घेताना मी फार कमी भाव देईन. जाहिरातीत नाव कोणतं आहे यापेक्षा हा फरक खिशाला जास्त लागतो.

नाशिकच्या भाऊंशी मी अर्धा सहमत आहे. बी६ तुमच्या वापराला खरंच शोभतात. पण २० मिलिमीटर खाली घ्यायचीच असेल तर त्याच कंपनीचे बी८ बघा, ते गाडी खाली घेणाऱ्या आखूड स्प्रिंगसाठी केलेले आहेत.

सेल्फ_ड्राइव्ह_ताई (पुणे, कोथरूड)

मी विकणाऱ्या बाजूने लिहिते. माझ्या पोलोवरचा सेट मागच्या वर्षी सांगलीच्या एका मुलाला विकला.

जाहिरात टाकायच्या आधी सेट गाडीवर असतानाच व्हिडिओ काढला होता. रोजच्या रस्त्यावर, काचा बंद, गाणी बंद, गतिरोधकावरून जाताना. शॉकअप काढल्यावर आवाज ऐकवता येत नाही, म्हणून हे आधी करावं लागतं. दादा, तुमच्या विकणाऱ्याकडे असा एखादा जुना व्हिडिओ असेल तर मागा. शिवाय खरेदीचं बिल, बसवल्याची तारीख आणि तेव्हाचं किलोमीटर, शेवटच्या अलाइनमेंटचा कागद. 'दोन वर्षं' याला काही अर्थ नाही, दोन वर्षांत कोणी आठ हजार चालवतं, कोणी पन्नास. प्रत्येक शॉकअपवर नंबर असतो. चारही नंबरांचा फोटो मागा. एकाच खेपेतले नसतील तर मधला एखादा बदललाय, आणि का बदलला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पाठवण्याबद्दल: गॅस भरलेले असल्याने विमानाच्या कुरिअरला अडचण येते, रस्त्यानेच पाठवायला सांगा. प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला हवा, नॉबवर जाड फोम हवा. वाटेत सर्वात आधी तोच मोडतो. पण खरं सांगू का, बेंगलोर कोल्हापूरहून एका रात्रीच्या बसवर आहे. एवढे पैसे देताय तर जाऊन या.

एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलंय. तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर चाकाच्या आत वाकून बघतो. मूळचे शॉकअप, स्प्रिंग, माउंट जपून ठेवा. गाडी विकताना लागतात.

नेकारकाठ (श्टुटगार्ट, मूळ साताऱ्याचा)

इथे जर्मनीत जुन्या कॉइलओव्हरचा बाजार मोठा आहे आणि तो कागदावर चालतो. सेटसोबत तज्ज्ञसंस्थेचा तपासणी अहवाल असतो. त्यात कोणत्या गाड्यांना चालेल, पुढच्या-मागच्या ॲक्सलवर किती किलोपर्यंत भार चालेल आणि उंची किती ते किती ठेवायची, हे छापलेलं असतं. बसवल्यावर ट्यूफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थांच्या तपासनिसाकडे गाडी न्यावी लागते. तो चाकं पूर्ण वळवून, एक चाक उचलून, टायर कुठे घासतो का बघतो आणि मगच दाखला देतो. तो कागद हरवलेला सेट इथे स्वस्तात जातो, माल कितीही चांगला असो.

भारतात असं काही नाही, पण ॲक्सलच्या भाराचा मुद्दा तुमच्यासाठीही खरा आहे. त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीचं नाक जड असतं, त्यामुळे तिच्यासाठीचा सेट वेगळ्या भाराचा असू शकतो. विकणाऱ्याची गाडी डिझेल होती का, हेही विचारा.

मला बरेच जण विचारतात, तिकडून जुना सेट पाठवशील का. भारतात जुन्या सुट्या भागांच्या आयातीवर बंधन आहे, परवाना लागतो. मी पाठवत नाही.

बावडा_घाट_टीएसआय (कोल्हापूर)

मनापासून आभार, सगळ्यांचे. काका, तुमचं वाचून काल संध्याकाळी चाक काढलं. माझ्या नकलचं माप ५५. विकणाऱ्याचीही १.८ टीएसआयच होती, त्याने व्हर्नियर लावून फोटो पाठवला, तेही ५५. स्प्रिंगचे आकडे आले, जोडीने जुळतात. नंबरही एकाच ओळीतले. ताई, बिल आणि अलाइनमेंटचा कागद दोन्ही आहेत, सेट २६ हजार किलोमीटर चाललाय. गाडी बेंगलोरातच होती, समुद्रकाठी नाही.

मात्र पुढच्या उजव्याचा बूट वर करून फोटो मागितला तर रॉडच्या तोंडाशी ओलं दिसतंय, खाली बोटभर ओघळ आहे. तो म्हणतो ते ग्रीस आहे. बाकी तीन कोरडे. मी ४५ म्हटलं, तो ५०वर आलाय. शनिवारी रात्रीच्या बसने निघतोय.

शॉकअपवाला_भोसरी (पुणे)

ग्रीस बोटाला चिकट आणि दाट लागतं, शॉकअपचं तेल पातळ असतं आणि बोटाला निसरडं लागतं. टिश्यूने पुसा, रॉड दहा-बारा वेळा पूर्ण दाबा-सोडा, परत टिश्यू लावा. परत ओला झाला तर सील गेलंय. नखाला रॉड गुळगुळीत लागला आणि गॅस असेल तर ५० द्यायला हरकत नाही, काम करून घेता येईल. रॉडला ठिपके असतील तर ४०च्या वर जाऊ नका, आणि तो तयार नसेल तर रिकाम्या हाताने परत या. असे सेट येत राहतात.

घेतलात तर बसवताना तीन गोष्टी मेकॅनिकला सांगा. नकलचा बोल्ट आणि या गाडीतले बरेचसे बोल्ट एकदाच आवळायचे असतात, ते नवे घ्या. खालच्या आर्मचे रबरी बुशवाले बोल्ट जॅकवर गाडी लटकत असताना पक्के आवळू नका. चाकं टेकून गाडी आपल्या उंचीवर उभी राहिली की मग आवळा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. आणि हेडलाइट आपोआप वर-खाली होणारे असतील तर त्यांची लेव्हल नव्याने बसवून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो.

उंची पहिल्यांदा १५ मिलिमीटरच खाली ठेवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून तुमची गाडी आरामात जाईल. पण गावोगावी तेवढीच उंची हातभर रुंदीत चढवलेली असते, आणि मागे वडील व सामान असताना गाडी आणखी दबते. क्लिक मधोमध, १५वर ठेवून सुरुवात करा. मग वडिलांना मागे बसवून गगनबावड्याला एकदा जाऊन या आणि दोन-दोन क्लिक बदलत त्यांनाच विचारा. दोनतीनशे किलोमीटर झाले की लॉक रिंगा परत आवळा, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा, आणि अलाइनमेंट त्यानंतर पुन्हा एकदा करा.